पुढचं चाक

जाचकांनी हँगरमध्ये खोकं फोडलं
आणि आतून निघाला तो टायर
विमानापेक्षा उसाच्या ट्रॉलीला शोभला असता.
"आठ-सहा," म्हणाले. "तिकडे नदीच्या गोट्यांवर उतरतात यावर."
मुनाफनं तो कलिंगडासारखा वाजवून पाहिला,
मग माझ्याकडे.

मी फोर्क बघत होते.
नाकाखालचा तो चिमटा, त्यात चाक बसतं,
आणि चाकाच्या भोवती सगळीकडून
एक पेन्सिल फिरावी एवढी जागा लागते.
माझ्या कानामागची, तासून अर्धी झालेली,
पाच-पाचच्या टायरला सहज फिरते.
सहा-सहाला, मोठा फोर्क घातला तर, जरा अंग चोरून.
आठला?
"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले.

हसले. पण खोक्यावरचं बिल हसत नव्हतं.

त्यांचंही खरं होतं.
गेल्या साली सणसरच्या पट्टीवर
घुशीच्या बिळात गेलं ते लहानगं चाक,
नाक टेकलं,
पंख्याची दोन्ही पाती मागे वळली केळीच्या सालीसारखी.
शेजारी सुनेत्राबाई होत्या. खरचटलंसुद्धा नाही.
त्या दिवसापासून त्या पुण्याला गाडीनं येतात.

मोठा टायर बीळ गिळतो, कबूल.
पण वजन सगळं पुढच्या नळीवर,
आणि वेगात सुटली थरथर तर
मॉलमधल्या ढकलगाडीचं एक चाक कसं वेडं होतं, तसं.
शिवाय काळी माती.
ओली असताना फटीत शिरते,
वर वाऱ्यात वाळते,
आणि उतरताना चाक म्हणतं, मी नाही फिरणार.

वाद हडपसरला मिटेना, म्हणून रविवारी पट्टी बघायला गेलो.
मी चप्पल काढली, टाचेनं मुरूम दाबत
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.
बांधावर भागुजी सुतके बसले होते,
पूर्वी गाड्यांच्या चाकांना धाव चढवायचे.
लोखंडाचं कडं लाल करायचं, लाकडावर बसवायचं,
पाणी ओतायचं.
सगळं ऐकून म्हणाले,
"धाव रुंद केली की चाक रुतत न्हाई.
पर बैल दमतो."

वीस वर्षं मी दिवसातून दहादा धावपट्टी म्हणते.
त्यातली ही धाव मला माहीत नव्हती.

सहा-सहा ठरला.
मागच्या दोन चाकांना आहे तोच, त्यामुळे
उभं राहणं फारसं बदललं नाही.
फोर्क मोठा, चाकावरची टोपी काढून टाकली,
कागदांना अडीच महिने लागले,
घुशींना जाचकांनी स्वतः उभं राहून बुजवलं.
खोक्यातला टायर गेटपाशी पडून आहे.
दुपारी त्यात कुत्री झोपते, गोल,
तिला मात्र तो अगदी मापाचा.

मग एका सकाळी मी पट्टीच्या कडेला.
मागची चाकं टेकली, धुरळा उठला,
आणि नाक वरच.
दांडी पोटाशी ओढून धरलेली असणार,
मला दिसत नव्हती पण माझेच खांदे दुखायला लागले.
एक, दोन, मी मोजत होते,
सहा, सात,
पट्टीची झाडं संपत आली, 
नऊला चाक खाली आलं,
रात्री उशिरा घरात शिरणाऱ्या माणसाच्या पावलासारखं.

एवढा खल केला त्या टायरचा,
आणि त्याला कामच उरलं नाही फारसं.
जाचकांना हे सांगितलं नाही मी.

सुनेत्राबाई डबा घेऊन आल्या होत्या, गाडीनंच.
विमानात बसा कुणी म्हणालं नाही.
त्यांनी पदर खोचला, वाकल्या,
चाक आणि फोर्क यांच्या फटीत
करंगळी घालून पाहिली.
"हवा किती आहे?"
नवऱ्याला नाही, मला.
"सव्वीस."
"मोजलीत?"
"सकाळी. दोनदा."
त्यांनी करंगळीची माती रुमालाला पुसली
आणि डबा उघडला.